पाचवा युक्तिवाद

एव्हरशाईन सिटी, वसई पूर्व
५ जानेवारी २०२५

चुरी सरांना क्षितिजाचा नमस्कार,

मी क्षितिजा साटम. अठ्ठ्याण्णव सालची अकरावी कला, शेवटून दुसरा बाक. पहिल्या चाचणीत तर्कशास्त्रात पन्नासपैकी अकरा गुण. आठवले तर त्या अकरांमुळेच आठवेन.

परवा तुमच्याकडे फोन केला होता. मंदाकाकू म्हणाल्या, "अगं, त्यांचे कान गेलेत. फोनवर नुसतं 'हो हो' म्हणतात आणि ठेवल्यावर मला विचारतात, कोण होतं? तू पत्र लिही. पत्राला बसल्या बैठकीला उत्तर देतील." म्हणून लिहितेय. इथून उमेळे रिक्षाने अर्ध्या तासावर, आणि मधे पोस्ट खातं!

बारावीनंतर आई गेली आणि माझं शिक्षण तिथेच राहिलं, हे तुम्हाला माहीत नसेल. आता मुक्त विद्यापीठातून बी.ए. करतेय. शेवटचं वर्ष आहे, मे महिन्यात तर्कशास्त्राचा पेपर आहे. नोकरी वर्षभरापूर्वी सोडली, कारण बाबांना एकटं ठेवता येत नाही. ते आता कुणालाच ओळखत नाहीत. मला 'बाई' म्हणतात. गॅस चालू ठेवतात, कडी काढून खाली जातात. एकदा गोखिवऱ्याच्या नाक्यावर सापडले, पायात चप्पल नव्हती. सिद्धेशदादा मस्कतला असतो, तिथून सल्ले देतो. बाबा दुपारी झोपले की मी पुस्तक उघडते.

सोबत पाच युक्तिवाद पाठवतेय. वैध की अवैध ते मी ठरवलंय, तुम्ही पूर्वीसारखं लाल शाईने तपासा. पहिले चार पुस्तकातले आहेत. पाचवा माझाच आहे, नुसत्या अक्षरांत:

क असेल तर ख.
क आहे.
म्हणून ख.

मी 'वैध' लिहिलंय. तरी तुमच्या अक्षरात हवं आहे.

तुमची विद्यार्थिनी,
क्षितिजा

*

उमेळे
१२ जानेवारी २०२५

चि. क्षितिजा,

तुझं पत्र सहा दिवसांनी पोचलं. पोस्टमन चालत आला असता तरी लवकर आला असता.

अकरा गुण चांगले आठवतात. त्याहून तुझे वडील आठवतात. दूरध्वनी खात्यातले ना? खांद्याला वायरचं भेंडोळं अडकवून थेट शिक्षकांच्या खोलीत आले होते. म्हणाले, "सर, मुलगी विषय सोडायचं म्हणतेय, सोडू देऊ नका. पोरगी भांडते छान, पण हरते. कुठे हरते तेवढं तिला दाखवा." माझ्या विषयाची इतकी नेमकी व्याख्या अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनाही जमली नव्हती. असा माणूस कुणाला ओळखत नाही हे वाचून वाईट वाटलं. ते ओळखोत न ओळखोत, माझा नमस्कार सांग.

आता तुझी तपासणी. पहिला आणि तिसरा बरोबर. दुसरा अवैध आहे, तू घाईत वैध लिहिलास. चौथ्यात खऱ्या-खोट्याच्या कोष्टकातली एक ओळ खाल्लीस. तीन विधानं असली की आठ ओळी होतात बाई, सात नव्हेत. आणि पाचवा? अगं, एवढं विचारायला तिकीट लावलंस? निव्वळ वैध. शंकेला जागाच नाही. विधानं लिहिली नाहीस म्हणून परीक्षक अर्धा गुण कापेल, मला चालतं. मी जन्मभर मुलांना हेच सांगत आलो, की आत काय भरलंय ते बघत बसू नका, साचा बघा.

मंदाने सुकेळी केली आहेत. वाडीत राजेळी केळ्यांची एकच ओळ उरली आहे, पलीकडे थेट सात मजले उभे राहिलेत. आमचा यतीन तुमच्या बाजूला कामाला येतो, त्याच्याबरोबर एक पुडा पाठवतो. वडिलांना दे. केळं वाळवलेलं असलं तरी मऊ असतं, दातांना त्रास होणार नाही.

तुझा,
गुरुदत्त चुरी

*

एव्हरशाईन सिटी
१० फेब्रुवारी २०२५

सर,

उत्तराला उशीर झाला, रागावू नका. सुकेळी मिळाली. बाबांना दिली, तुमचा नमस्कारही सांगितला. हसले.

घरात आता पुष्कळ शांतता आहे. दिवसाचे पाच-सहा तास सलग अभ्यास होतो. फक्त रविवार वाया जातो. रविवारी मला एका कामासाठी कामणला जावं लागतं आणि परत यायला संध्याकाळ होते.

माझी गाडी जर-तर विधानापाशी अडलीय. कोष्टकात त्याच्या चार ओळी, त्यातल्या तीन खऱ्या आणि एकच खोटी. पाठ केलंय, पण का ते कळत नाही. पहिला भाग खोटा असला तरी सगळं विधान खरं कसं? सोबत आणखी आठ युक्तिवाद आहेत.

मंदाकाकूंना नमस्कार.

क्षितिजा

*

उमेळे
१८ फेब्रुवारी २०२५

चि. क्षितिजा,

घरात शांतता आहे म्हणतेस, म्हणजे वडिलांना जरा उतार दिसतो. वाचून फार बरं वाटलं.

आता तुझी अडलेली गाडी. आमच्या वाडीत पूर्वी एक गडी होता. तो म्हणायचा, "पंप चालू केला तर पाणी वरच्या वाफ्यात पोचेल." समज, मी पंप चालूच केला नाही. मग पाणी पोचो की न पोचो, त्याला खोटारडा म्हणता येईल का? नाही. पंप चालू केला आणि पाणी पोचलं, तर तो खराच. त्याला खोटं पाडायचा एकच मार्ग आहे. पंप चालू आहे आणि वरचा वाफा कोरडा आहे. पहिलं खरं, दुसरं खोटं. तेवढी एकच ओळ. कुणीही तुला 'असं असेल तर तसं असणारच' म्हणून सांगितलं, की मुकाट्याने ती ओळ शोधायला निघायचं.

आठांपैकी सहा बरोबर आहेत. दोन चुका निष्काळजीपणाच्या आहेत आणि त्या मला आवडलेल्या नाहीत.

कामणला तुझं काय काम असतं ते मी विचारत नाही. पण परीक्षेला जेमतेम तीन महिने राहिलेत, आणि सलग दिवस मिळतो तो रविवारीच. परीक्षेपर्यंत रविवार मला दे. एका बैठकीत वीस युक्तिवाद सोडवायची सवय लागली पाहिजे. ते काम म्हणावं थांब जरा. एखाद्या आठवड्याला न गेल्याने कुणाचं काही अडत नाही.

गुरुदत्त चुरी

*

एव्हरशाईन सिटी
१७ मार्च २०२५

सर,

तुमचं ऐकलं. गेले तिन्ही रविवार घरातून हलले नाही, सगळे कोष्टकांत घातले. कालच्या बैठकीतले वीस सोबत आहेत. आता लघु कोष्टकसुद्धा जमायला लागलंय. निष्कर्ष खोटा धरायचा, आधारविधानं खरी धरायची, आणि कुठे विसंगती येते ते बघत मागे मागे जायचं. विसंगती आली तर युक्तिवाद वैध, नाही आली तर अवैध. अकरावीत असताना हे जादूसारखं वाटायचं, आता हाताला आलंय.

कामणला गेले नाही. तुम्ही म्हणालात तसं कुणाचं काही अडलं नाही.

क्षितिजा

*

उमेळे
१२ एप्रिल २०२५

चि. क्षितिजा,

तुझे वीसपैकी अठरा बरोबर आल्याचं मी पंचवीस मार्चलाच कळवलं. 'निकाल वडिलांना वाचून दाखव' असंही लिहिलं होतं. त्याला अठरा दिवस झाले, तुझा कागद नाही.

दोन चुकांखाली मी 'डोळे कुठे होते?' असं लिहिलं, त्याचा राग आला का? जुनी खोड आहे, मनावर घेऊ नकोस. यतीन तुमच्या इमारतीत डोकावला. वॉचमन म्हणाला, फ्लॅट बंद आहे, साटमबाई गावी गेल्यात. परीक्षा तोंडावर असताना गावी? मंदा म्हणते, काहीतरी झालंय. मी म्हणालो, आधारविधान एकच आहे, त्यावरून निष्कर्ष काढू नकोस. पण मलाही चैन पडत नाही. दोन ओळी टाक.

गुरुदत्त चुरी

*

एव्हरशाईन सिटी
२० एप्रिल २०२५

सर,

परवा गावाहून आले. तुमची दोन्ही पत्रं वॉचमनकडे होती.

बाबा गेले. बावीस मार्चला पहाटे. ते घरी नव्हते, सर. जानेवारीपासून कामणला होते. गोदामांच्या पुढे एक वृद्धाश्रम आहे, तिथे. वीस जानेवारीला मी त्यांना पोचवून आले. माझं रविवारचं काम ते होतं.

तुमच्यापासून मी हे लपवलं. आता सगळं लिहिते.

पाचवा युक्तिवाद दादाचा होता. तो फोनवर रोज म्हणायचा, "बाबा जर कुणालाच ओळखत नाहीत, तर कुठेही राहिले तरी त्यांना सारखंच आहे ना? मग तू का मरतेस?" मी खरंच दमले होते. रात्रंदिवस दाराकडे कान ठेवून झोपायचे. एकदा मी त्यांच्यावर हात उगारला, मारलं नाही, पण उगारला. त्यानंतर ते मला बघून कोपऱ्यात सरकायला लागले. दादाचं म्हणणं मला हवंसं वाटायला लागलं. मग मी ते अक्षरांत मांडलं. 'क' म्हणजे बाबा कुणालाच ओळखत नाहीत. 'ख' म्हणजे ते कुठेही राहिले तरी त्यांना सारखंच. तुम्ही लिहिलंत, 'निव्वळ वैध. शंकेला जागाच नाही.' त्याचा मी फोटो काढला आणि दादाला पाठवला. दादा म्हणाला, बघ, सरसुद्धा तेच म्हणतात. दोन दिवसांनी बाबांची बॅग भरली.

वैध म्हणजे खरं नव्हे, हे तुमचं पहिल्या तासाचं वाक्य मला तोंडपाठ आहे. म्हणूनच विधानं लिहिली नाहीत. लिहिली असती तर तुम्ही काहीतरी विचारलं असतंत. मला विचारायला नको होतं, मला फक्त लाल शाई हवी होती.

सुकेळी कामणला नेली होती. बाबा हसले हे खरं आहे. तुमचा नमस्कार मात्र सांगितला नाही. त्यांना काय कळणार, असं वाटलं.

बाबांचं सामान आणायला गेले तेव्हा तिथली आया इनेझ भेटली. ती बाबांचं सगळं करायची. बाबांच्या कपड्यांची पिशवी तिने हातात दिली. मग म्हणाली, "बाय, रागावू नका, पन सांगते. त्यांना नाव-गाव काय आठवत नव्हता. पन रविवार कळायचा. मी रविवारी चर्चला मिस्सा करून उशिरा येते, अंगावर चांगली साडी असते. त्या साडीत मला बघितला का ते समजायचे. इस्त्रीचा शर्ट मागायचे. गळ्यापर्यंत बटनं लावायचे नि फाटकाजवळ बाकड्यावर जाऊन बसायचे. मी विचारायची, बाबा, कोन येनार? तर म्हनायचे, ती येते. कोन ती, ते नाय सांगायचे. ती येते, एवढाच."

मी न गेलेल्या तिन्ही रविवारी ते तिथे बसले, सर. सकाळी दहापासून अंधार पडेपर्यंत. समोरून गोदामाचे ट्रक जात होते, धूळ उडत होती, ऊन डोक्यावर आलं तरी उठेनात. इनेझने छत्री धरली. जेवायला आत चला म्हटलं तर म्हणायचे, ती आली आणि मी दिसलो नाही तर? तिसऱ्या रविवारी त्यांना उचलून आत न्यावं लागलं. सोमवारी रात्री ताप भरला. त्याच सोमवारी मी तुम्हाला लिहिलं होतं, कुणाचं काही अडलं नाही म्हणून. मला मंगळवारी फोन आला. मी पोचले तेव्हा नाकाला नळी होती, आणि त्यांनी डोळे उघडले नाहीत. डॉक्टर म्हणाले, छाती आधीपासूनच कमजोर होती, हे घरीसुद्धा झालं असतं.

तुम्ही शिकवलेली ती एकच ओळ. पहिलं खरं, दुसरं खोटं. ते कुणाला ओळखत नव्हते हे खरं. त्यांना सगळं सारखंच होतं हे खोटं. बाबा फाटकाशी बसून होते आणि मी घरी तीच ओळ वहीत वीस वेळा लिहीत होते.

आणखी एक युक्तिवाद पाठवते. या वेळी विधानं लिहिली आहेत. वैध की अवैध ते मी लिहिलेलं नाही, तुम्ही सांगा.

मी त्या रविवारी गेले असते, तर बाबा जगले असते.
मी गेले नाही.
म्हणून बाबा जगले नाहीत.

क्षितिजा

*

उमेळे
२८ एप्रिल २०२५

पोरी,

अवैध.

पहिला भाग नाकारला म्हणून दुसरा आपोआप नाकारला जात नाही. तू न जाताही ते जगू शकले असते. तू गेली असतीस आणि तरीही ते गेले असते, हेही होऊ शकलं असतं. तुला बरं वाटावं म्हणून हे लिहीत नाही. कोष्टक हाताने काढून तीनदा तपासलं. तुझ्या न जाण्यावरून त्यांचं जाणं निघत नाही.

आता माझं. 'एखाद्या आठवड्याला न गेल्याने कुणाचं काही अडत नाही', हे वाक्य माझं आहे. त्यावर कोष्टक नव्हतं, आधार नव्हता, काहीच नव्हतं. सवयीने लिहून गेलो. पस्तीस वर्षं मुलांनी मला विचारलं की याचा आयुष्यात उपयोग काय, आणि मी ऐटीत सांगायचो, आयुष्य बाजूला ठेवा, साचा बघा. तू मला एका माणसाचं मरणजगणं पाठवलंस आणि मी गुण कापण्याचा विनोद केला. नुसती अक्षरं का, एवढं विचारायला किती शाई लागली असती? मला लाज वाटते.

मंदाने तुझं पत्र वाचलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला ऐकू येत नसलं तरी ती बोलत नाही हे कळतं. नंतर म्हणाली, पोरीने हात उगारला तेव्हा तिच्याजवळ कुणी नव्हतं, हे कोणत्या ओळीत लिहायचं?  मी माजघरात बसून रडलो. ते वायरचं भेंडोळं घेतलेले गृहस्थ सारखे डोळ्यांसमोर येतात.

परीक्षेला बसवेल तर बस. नाही बसवलं तर तुला कुणी विचारणार नाही, मी तर नाहीच नाही. आणि जेवत जा.

गुरुदत्त चुरी

*

एव्हरशाईन सिटी
२५ मे २०२५

सर,

तुमचं 'अवैध' मिळालं. मीही काढून पाहिलं होतं, तेच आलं होतं. पण त्याने सुटका होत नाही हो. युक्तिवाद चुकला तरी निष्कर्ष जिथल्या तिथे आहे. बाबा नाहीत. ते माझ्या न जाण्यावरून निघत नसेल, पण मी गेले नाही हेही खरं आणि ते नाहीत हेही खरं, आणि सकाळी उठलं की दोन्ही एकदमच आठवतात.

तुम्ही स्वतःला बोल लावू नका. अक्षरं मी पाठवली होती. मंदाकाकूंना सांगा, त्यांचा तो प्रश्न वाचून मी पहिल्यांदा मोठ्याने रडले. तोवर गावी सगळ्यांसमोर नुसती बसून होते, लोक म्हणाले, किती धीराची.

परवा पेपर दिला. जाणार नव्हते. पण पुस्तकं समोर होती आणि घरात दुसरं काही करायला नव्हतं. पहिले तीन प्रश्न सोडवले. चौथा असा होता: 'वैध युक्तिवादाचा निष्कर्ष असत्य असू शकतो का? स्वतःचे उदाहरण द्या. निष्कर्ष कोणत्या आधारविधानामुळे असत्य ठरतो ते दाखवा.'

माझा हात थांबला.  पर्यवेक्षक बाईंनी पाणी आणून दिलं, म्हणाल्या, बरं वाटत नाही का?

सर, बाबांना मी कोण ते आठवत नव्हतं. मुलगी आहे हे आठवत नव्हतं, नाव आठवत नव्हतं. पण त्या बाकड्यावर बसून ते विचार करत होते. साडीवरून रविवार ओळखायचे आणि रविवारावरून मला. इतकं सगळं गेल्यावरही त्यांचं हे शाबूत होतं आणि त्यात एकही पायरी चुकलेली नव्हती. पुस्तकातली उदाहरणं मला आठवेनात. मग हेच लिहिलं:

रविवार असेल तर ती येते.
आज रविवार आहे.
म्हणून आज ती येईल.

'युक्तिवाद वैध' असं लिहिलं. 'निष्कर्ष असत्य' असं लिहिलं. मग पहिल्या ओळीखाली रेघ मारली, आणि तासभर बाकी होता तरी पेपर देऊन बाहेर आले.

तुमची,
क्षितिजा